जिभेचा उपवास

आमची धाकटी जाऊ वर्षभर वाईट वागते, पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिला विशेष चेव येतो. यंदा तिने साखर सोडली. चर्चमध्ये वेदीसमोर गुडघे टेकून, मागच्या चार बायकांना ऐकू जाईल अशी सोडली. आठवडा व्हायच्या आत माझ्या सुनेने तिला जॅमच्या बरणीत बोट घालताना पकडलं. वर म्हणते कशी, "बुरशी आलीय का ते बघत होते."

माझं तसलं नसतं. मी सोडलं की ईस्टरपर्यंत सुटलंच. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझा एकही त्याग मोडलेला नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण मीच सांगितलंय.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादर म्हणाले होते, मटण काय कोणीही सोडतं, जे सोडताना जीव कासावीस होईल ते सोडा. घरी आल्यावर मी विचारलं, काय सोडू? मुलगा शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणाला, "काकूला बोलणं सोड." सून खोकली. तो खोकला नव्हता. मला आला राग, आणि रागात मी क्रूसासमोर जाऊन शब्द दिला. ईस्टरपर्यंत धाकटीला वाकडं बोलणार नाही, तिची चूक काढणार नाही. "आणि रोज एक चांगला शब्द," मुलगा म्हणाला. त्यालाही हो म्हणून बसले.

आता आमचं घर म्हणजे शिंप्याचं. पुढच्या खोलीत मी कापते, मुलगा शिवतो, सून इस्त्री करते, आणि दीर गेल्यापासून आमच्यातच राहिलेली धाकटी हाताने काज करते. दिवसभर समोरासमोर. तिला माझ्या शब्दाचा पत्ता लागला मात्र, बाईने कंबर कसली. स्वतः तोंडावर पडली होती ना, सोबत हवी होती.

माझी कापडाची कात्री घेऊन तिने वर्तमानपत्र कापलं, कपाटात अंथरायला. कागदाने कात्रीची धार जाते हे आमच्या मांजरालाही ठाऊक आहे. कापताना ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "किती सरळ कापलंस गं." मग आत जाऊन पातेली घासायला घेतली.

"आई, बूड निघेल पातेल्याचं," सून म्हणाली.

"निघू दे. पातेल्यासाठी शब्द दिलेला नाही मी."

शेजारणीला ती मला ऐकू येईल असं सांगायची, "वय झालं की माणूस मऊ पडतंच हो." माझ्या अंगाचा तिळपापड. आणि रोजचा चांगला शब्द आणायचा कुठून? एक दिवस काहीच सुचेना, म्हटलं, "चपला छान आहेत तुझ्या." त्या माझ्याच निघाल्या.

असं करत ईस्टरआधीचा शेवटचा, पवित्र आठवडा उजाडला. मनात म्हटलं, जिंकलीस बाई. त्यात दवाखान्याचं काम आलं, नर्सबायांचे पांढरे कोट. कापड त्यांचं, मोजून दिलेलं, चिंधीही वर नाही. मुलाने कोट शिवून काजासाठी धाकटीपुढे ठेवले आणि तो दोरा आणायला बाहेर गेला.

बायकांच्या कपड्याला काज उजव्या पट्टीवर, पुरुषांच्या डाव्या. धाकटीचा हात यात कधी चुकला नाही. त्या दिवशी तिने कोट मांडीवर घेतला, खडू उचलला आणि डाव्या पट्टीवर खुणा केल्या. सावकाश. एक खूण केली की माझ्याकडे बघायचं, मग दुसरी.

खडू झटकता येतो. पण हाताच्या काजाला आधी पातं चालवावं लागतं, आणि चिरलेलं कापड काही परत जुळत नाही. चूक दाखवावी तर शब्द मोडतो. मी जीव मुठीत धरून चांगला शब्दच काढला.

"किती छान कापड आहे नाही धाकटे? उजवीकडून तर फारच छान दिसतंय."

"मला दोन्हीकडून सारखंच दिसतं, जाऊबाई," म्हणाली, आणि पातं उचललं.

सुनेने इस्त्री उभी केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. घड्याळाकडे बघावं तशी. मी क्रूसाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत एकही मोडला नव्हता. गप्प बसले तर हाही मोडत नव्हता. कोट फाटला तर तिच्या हातून फाटला असता, माझं तोंड स्वच्छ राहिलं असतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर तसं बसून राहावंसं वाटलं.

पात्याचं टोक कापडाला टेकलं.

"ठेव ते खाली!" मी अशी ओरडले की रस्त्यावरचा एक माणूस दारातून डोकावून गेला.

धाकटीने पातं अलगद खाली ठेवलं. चेहरा कसा, बक्षीस मिळाल्यासारखा. "मोडला की हो जाऊबाई. ईस्टर तोंडावर आला आणि मोडला."

मी उठले, तिच्या मांडीवरचा कोट घेतला, डावीकडच्या खुणा झटकल्या आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"मोडला. तुझ्यासारखा चोरून नाही, चारचौघांत मोडला. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन, त्याची काळजी तू करू नकोस. जॅम खाल्लास, त्याचं मला काही नाही, भूक सगळ्यांना असते. पण मला तुझ्या शेजारी खाली ओढायला तू परक्याच्या कापडावर पातं ठेवलंस. तू आंधळी नाहीस, विसराळू नाहीस. तू हलकट आहेस, धाकटे. आता उजव्या पट्टीवर खुणा कर, आणि सगळे कोट होईपर्यंत या जागेवरून हलायचं नाही."