समुद्राचं हस्ताक्षर

मेलेल्या डॉल्फिनभोवती एवढी गर्दी होती, की जिवंतपणी त्याने ती पाहिली असती तर धास्तीनेच मेला असता. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवर रेललेले, पुढचे गुडघ्यांवर, आणि मधोमध वाळूत मांडी घालून लिपीबाबा. अंगात पांढरा झगा, हातात भिंग. डॉल्फिनच्या डोक्यावर आणि चोचीपाशी आडव्यातिडव्या रेघा उमटल्या होत्या, चौकटीला लागून चौकट. बाबांचं बोट त्यांवरून सावकाश फिरत होतं.

"समुद्राचंच हस्ताक्षर," बाबा म्हणाले. "जरा घाईत लिहिलंय."

गर्दीने हात जोडले. समुद्राला एवढी कसली घाई, असं मी विचारणार होतो. पण शेजारच्या बाईंनी भक्तीच्या भरात माझा दंड असा काही आवळला होता, की तोंडातून नुसतं "आई गं" निघालं. तेही लोकांनी श्रद्धेच्या खात्यावर जमा केलं.

पूर्वी आमच्या धक्क्यावर उभं राहिलं, की एक कप चहा संपेपर्यंत पाण्यात डॉल्फिनच्या चार-सहा पाठी चमकून जायच्या. आता किटली संपते, पाठ दिसत नाही. दिसतो तो असा, वाळूवर आडवा. डॉल्फिन का कमी झाले, याबद्दल गावात माणशी दोन मतं होती. तेवढ्यात लिपीबाबा आले. आधी ते तळहात वाचायचे. त्या धंद्यात मंदी आल्यावर डॉल्फिनकडे वळले. जाळ्यांच्या दुकानदाराने, म्हणजे आमच्या जाळीवाल्याने, त्यांना दुकानावरची खोली फुकट दिली. जो माणूस सुटी मोड नाही म्हणून गोळी खपवतो, त्याने खोली फुकट द्यावी, हा खरं तर पहिला चमत्कार. त्याची चौकशी कुणी केली नाही.

पहिल्या डॉल्फिनवर बाबांनी वाचलं होतं: 'मी रुसलोय.' दुसऱ्यावर: 'मी फार रुसलोय.' समुद्राचा शब्दसंग्रह बेताचा आहे, असं मला वाटू लागलं होतं. आज मात्र मजकूर पुढे सरकला.

"तां... तांब... तांबड्या होडीवर!"

सगळ्या माना एकदम मावशीकडे वळल्या. गावात तांबडी होडी एकच, आणि ती माझ्या बायकोच्या मावशीची. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवून आणायचे, हा तिचा धंदा. नवरा गेल्यावर याच होडीवर तिने दोन मुली वाढवल्या, शिकवल्या, उजवल्या. होडीला इंजिन एक आणि मावशीच्या जिभेला दोन.

"माझ्या होडीने समुद्राचं काय घोडं मारलंय?"

"मजकूर माझा नाही, माई," बाबा हात जोडून म्हणाले. "मी नुसता वाचणारा. रविवारी संध्याकाळी होडी अग्नीला द्या. समुद्र निवळेल."

"रॉकेल माझ्याकडून," जाळीवाला म्हणाला. दुसरा चमत्कार.

घरी आलो तर मावशी आमच्या ओट्याशी उभी राहून रागारागाने आमचाच कांदा चिरत होती. माझी बायको जनावरांची डॉक्टर. आधीचे दोन्ही डॉल्फिन तिने उघडून पाहिले होते, आणि आज हाही. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. पण तिचं ऐकतात.

"पोटात ताजे मासे होते," ती म्हणाली. "म्हणजे उपाशी नव्हता. फुफ्फुसात फेस. जेवता जेवता गुदमरलाय. आणि त्या रेघा जाळ्याच्या आहेत, मावशी. डॉल्फिन काही मासा नाही. त्याला श्वासाला वर यावंच लागतं. जाळ्यात अडकला की आपल्यासारखाच बुडून मरतो."

"मग सांग की बाई चौकात ओरडून!"

"सांगितलं. जाळीवाला म्हणाला, डॉक्टरीणबाई, तुम्ही गाई-म्हशींच्या डॉक्टर, समुद्रातलं तुम्हाला काय कळणार?"

"आणि तो बाबा कशाचा डॉक्टर?"

"ते कुणी विचारत नाही. जाळ्यांचं नाव निघालं तर दुकान कुणाचं बसेल, हेही नाही."

रविवारी तांबडी होडी वाळूवर ओढलेली होती. रॉकेलचा डबा तयार. अडचण एकच: होडीत मावशी छत्री उघडून बसली होती आणि उतरायला तयार नव्हती.

"जाळा की! समुद्राला म्हणावं, होडीबरोबर मावशी भाजून पाठवलीये, गोड मानून घे!"

लोक चुळबुळले. मावशीसकट जाळायचं का, याबद्दल समुद्राने काही लिहिलं नव्हतं. बाबांनाच विचारू म्हटलं, तर बाबांचा पत्ता नाही. अखेर ते आले. केस विस्कटलेले, डोळे जड, दुपारच्या जेवणाची तृप्ती झग्याला न आवरणारी. त्यांनी हात उंचावला, मान वळवली, आणि माझी बायको ताडकन पुढे गेली.

"महाराज, थांबा! समुद्राने तुम्हालाही लिहिलंय!"

बाबांच्या डाव्या गालावर, हनुवटीपासून कानापर्यंत, ठसठशीत चौकटीच चौकटी.

गर्दीतून "अगं बाई!" असा चीत्कार उठला. पाच-सात जण तिथेच साष्टांग आडवे झाले. बाबांनी गाल चाचपला, क्षणभर गडबडले. पण मुरलेला माणूस.

"हो! समुद्र आत्ताच स्वप्नात आला होता. गालावर लिहून गेला."

"मग वाचा ना," बायको म्हणाली.

"स्वतःच्या गालावरचं स्वतःला कसं दिसणार?"

"हा घ्या आरसा!" होडीतून मावशीचा हात बाहेर आला.

बाबांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बाबा... बाबा फार थोर आहेत, असं लिहिलंय."

"आणि दुपारी झोपला होतात कुठे?"

बाबा आकाशाकडे पाहू लागले. उत्तर आलं जाळीवाल्याच्या आईकडून, अगदी निर्मळ मनाने. "कुठे म्हणजे? वरच्या खोलीत, नव्या जाळ्यांच्या गठ्ठ्यावर. मी म्हटलं उशी देते, तर म्हणाले राहू द्या, हेच मऊ आहे."

"आई, तू गप्प बस!" जाळीवाला किंचाळला.

"का रे? पाहुण्याला उशी विचारू नये?"

बायकोने तोच गठ्ठा मागवला. जाळ्याची एक पट्टी दंडाला गुंडाळली, करकचून ओढली, सोडली. दंडावर चौकटी. मग फोनवरचा डॉल्फिनचा फोटो शेजारी धरला. तशीच चौकट, कोपऱ्यावर तशीच गाठ.

पुढचा अर्धा तास जे चाललं, त्याला शास्त्रीय प्रयोग म्हणायचं की जत्रा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. अख्खा किनारा जाळी गुंडाळून घेऊ लागला. दंडांवर, पोटऱ्यांवर, एकाने टकलावर. "माझ्यावर काय लिहिलंय बघ!" "बायकोचं ऐक, असं लिहिलंय!" "खोटं! समुद्र बायकांच्या बाजूने कधी बोलत नाही!" "मग तो समुद्र नाही, तुझा बाप आहे!" माझा दंड आवळणाऱ्या बाई आता स्वतःच्या दंडावरची अक्षरं वाचत खिदळत होत्या.

हसू ओसरलं तेव्हा एक म्हातारा कोळी होडीला टेकून बसला होता. दंडावरच्या चौकटीकडे पाहत म्हणाला, "माझ्या जाळ्यात एक आला होता. जाळं कापून मेलेला तसाच सोडून दिला गुपचूप. म्हटलं, वर्षाकाठी एखादाच तर आहे."

मग मागून आवाज आला, "माझ्याही." मग आणखी एक. मग इतके, की मोजायची छाती कुणालाच झाली नाही. प्रत्येकाला वाटत होतं, वर्षाकाठी एखादाच अडकतो, आणि तोही फक्त आपल्याच जाळ्यात.

"नुसती जाळीच कारण असतील असंही नाही," बायको म्हणाली. "मासे कमी झालेत. गावाचं गटार खाडीत जातं. इंजिनांचा आवाज आहे. डॉल्फिन कानांनी वाट शोधतो. कशाचा वाटा किती, हे मला आज सांगता येणार नाही. शोधावं लागेल. पण जाळ्यांचं तर दिसतंय, तिथून सुरुवात करू."

मावशी छत्री मिटून उभी राहिली. "इंजिनांचा म्हणजे? माझ्याही?"

"हो मावशी. तू त्यांच्या मागे पळवतेस ना होडी."

मला वाटलं, आता दोन्ही इंजिनं सुरू होणार. मावशी होडीतून उतरली. "बरं," एवढंच म्हणाली. माझ्या माहितीतला हा तिसरा आणि एकमेव खरा चमत्कार.

लिपीबाबा त्याच संध्याकाळी बसने गेले. गालावरच्या चौकटी एव्हाना फिकट झाल्या होत्या. समुद्राची शाई कच्ची निघाली.

डॉल्फिन ज्या खाडीच्या तोंडाशी येतात तिथे कोळ्यांनी जाळी टाकणं थांबवलंय, आणि कुणाच्या जाळ्यात अडकला तर तो लपवत नाही, बायकोला फोन करतो. जाळीवाला दुकानात उशाही ठेवू लागलाय. मावशी आता खाडीत इंजिन बंद करते आणि पाहुण्यांना सांगते, "गप बसा, ते ऐकतायत." परवा एक पाठ दिसली. मावशी म्हणते दोन. मी पाहिली एकच, आणि मी एकच सांगणार.

तुम्हाला न येणाऱ्या लिपीत कुणी तुमचं नशीब वाचून दाखवू लागला, तर त्याच्याशी भांडू नका, पायाही पडू नका. तशीच रेघ आपल्या दंडावर उमटते का, ते दाबून बघा. आणि उमटलीच, तर जाळं कुणाचं आहे हेही बघा. बहुतेक आपलंच असतं.