गाऱ्हाण्यात न आलेलं

न्हाणीच्या चुलीत मथुराने पहिला कागद सरकवला आणि तो नीट पेट घेईपर्यंत हात मागे घेतला नाही. मग दुसरा, मग तिसरा. वहीच्या शिवणीतून ब्लेडने कापून काढलेले, दोन्ही बाजूंनी लिहिलेले तीन कागद. वरच्या हंड्यातलं पाणी नुकतं कोमट होऊ लागलं होतं. शेवटच्या कागदाचा एक कोपरा जळायचा राहिला, तो तिने फुंकणीने आत लोटला. त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. तीन.

“काय जाळतेस गो एवढ्या सकाळी?”

सासू, गोदा, न्हाणीच्या दारात उभी होती. ओच्यात परसातली जास्वंदीची फुलं.

“कागद, आई.”

“लिहायचे पण तूच आणि जाळायचे पण तूच. चार वर्षांत एवढंच शिकवलानी वाटतं कॉलेजात.”

मथुरा चुलीपुढून उठली. हंड्यातलं पाणी बादलीत घेतलं, न्हाली, तुळशीला पाणी घातलं, देवापुढे निरांजन लावून पोथीचं रोजचं पान वाचलं. एकोणीस वर्षं यात खंड नव्हता. पालीच्या शाळेतली लिपिकाची नोकरी त्यानंतरची आणि शनिवार-रविवारी एसटीने रत्नागिरीला जाऊन चाललेला मानसशास्त्राचा अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम तर अगदी अलीकडचा. वर्गात बाकीची सगळी पंचविशीच्या आतली. ही एकेचाळीसची. पहिल्या वर्षी तिच्या डब्याची गंमत झाली होती. पान पुढे आलं की बोलणं बंद, शेवटचा घास संपेपर्यंत, असा तिचा नेम. चातुर्मासापुरता धरलेला, मग बाराही महिने अंगवळणी पडलेला. गुरुप्रसाद सरांनी तेव्हा हसत विचारलं होतं,

“मॅडम, मौन पाळणारी बाई लोकांचं समुपदेशन कशी करणार?”

डबा संपवून, हात धुऊन तिने उत्तर दिलं होतं. “सर, बाकीच्यांना गप्प बसायला शिकवावं लागेल. माझं तेवढं झालंय.”

सर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. उलट प्रबंधाचा विषय तिने सांगितला तेव्हा खुर्चीत पुढे सरकून बसले. गावात कुणावर संकट आलं की देवळात गाऱ्हाणं घालतात. ज्याचं दुःख तो गप्प उभा राहतो, त्याच्या वतीने गुरव मोठ्याने देवीला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणतात. बाईचं दुःख त्यात एका वाक्यात आटोपतं. मथुराला पाच बायकांना एकेकटं बसवून एवढंच विचारायचं होतं, की त्या गाऱ्हाण्यात जे आलं नाही, ते काय होतं?

पाच मिळायला श्रावण-भाद्रपद गेले होते. त्यातली तिसरी राही, गावच्या मानकऱ्याची, दादूकाकांची सून. दीड तास बोलली, आणि आठव्या दिवशी बॅग भरून लोट्याला माहेरी निघून गेली. काल संध्याकाळी तिचा फोन आला होता.

“काकी, माझं लिहिलेलं काढून टाका. तुम्ही म्हणाला होता ना, कधीपण नको म्हणता येईल?”

“हो. आणि कारण सांगावं लागत नाही.”

“मी बोलले होते तेसुद्धा कुणाला कळायला नको.”

“नाही कळणार.”

त्या फोननंतर पाचाच्या चार राहिल्या होत्या. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. आज मंगळवार. चार चालतील का, म्हणून तिने रात्रीच सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, “नाही चालणार. आणि तुमच्या नोंदणीची मुदतही यंदा संपतेय.”

ती शाळेत जायला निघाली, तोच भिकाजी गुरव अंगणात आला. खळ्याच्या कडेला चप्पल काढून उभा राहिला, वर आला नाही.

“दादूने बोलावलंय. देवळात. वही घेऊन ये म्हणाला.” मग आवाज उतरवून, “मी फक्त निरोप्या हाय हो.”

मथुराने शाळेत अर्ध्या दिवसाच्या रजेचा फोन केला आणि वही पिशवीत घातली. मागे वळून पाहिलं तर गोदाने पायांत चपला सरकवल्या होत्या.

“तुम्ही कशाला, आई?”

“देऊळ काय तुझ्या एकटीचं हाय?”

देवळात सात-आठ माणसं होती. जांभ्याच्या पायऱ्यांवर चारपाच बायका, पदर सावरून बसलेल्या. त्यांतल्या दोघी मथुराकडे बघायचं टाळत होत्या. एक नंबर आणि चार नंबर. गोदा त्यांच्यातच टेकली.

“ये मथुरा. बस. चहा सांगू?” दादूकाका म्हणाले.

“एकवेळ जेवते, काका.”

“बरं. मग सरळच बोलतो. आमची सून तुझ्याकडे येऊन बसली होती. काय बोलली?”

“कोण आलं, कोण नाही, हे मी सांगत नाही.”

“बघितलंय लोकांनी तिला तुझ्या पडवीत.”

“लोकांनी बघितलं असेल. मी सांगत नाही.”

“माझ्या घरचं मलाच नाय सांगायचं?”

“कुणाचंच कुणाला नाही, काका. तुम्ही बसला असतात तर तुमचंही नसतं सांगितलं.”

कोपऱ्यातून कुणीतरी खिदळलं. “दादू बसायचा तर आठ दिवस उठायचा नाय.”

“गप रे!” दादूकाकांनी तिकडे न बघताच हात उडवला. “वेड्यांची डॉक्टर झालीस म्हणजे गावाच्या वरची झालीस काय?”

“अजून झाले नाही. सोमवारी प्रबंध द्यायचाय.”

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. दादूकाका जरा नरमले. त्यांचा मुलगा, राहीचा नवरा, महिनाभर घरी धड जेवत नव्हता, हे गावाला ठाऊक होतं.

“हे बघ, सगळी वही मला नको. बाकीच्यांचं मला काय करायचंय? तिचं पान तेवढं दाखव. मी वाचतो, परत देतो. विषय संपला.”

मथुराचा हात पिशवीच्या चेनवर होता. तिचं पान नाहीच, एवढे तीन शब्द. वही उघडून कापलेल्या कडा दाखवल्या की झालं. अकराच्या आत शाळेत. तिने चेन एक बोटभर उघडली, तशीच परत लावली, आणि पिशवी मांडीवरून उचलून छातीशी धरली.

“नाही, काका.”

“मग देवीलाच विचारू,” दादूकाका उठले. “भिकाजी, गाऱ्हाणं घाल. कौल उजवा आला तर वही उघडायची. देवीला तरी मानतेस ना?”

आता मात्र सगळे तिच्याकडे बघू लागले. देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तिचं लग्न, नवऱ्याची, निलेशची, जयगडच्या बंदरावरची नोकरी, घराचा चौथरा, सगळं असंच विचारून झालं होतं. पडलेल्या पाकळीपुढे तिने आजवर कधी मान वर केली नव्हती, आणि दादूकाकांना हे पक्कं माहीत होतं.

भिकाजीने तांब्यात बोटं बुडवली.

“थांबा,” मथुरा उठली. “गाऱ्हाणं माझ्यावरचं आहे ना? मग मी घालते.”

“बायकांनी घालायची रीत नाय.”

“मनाई आहे का? असेल तर दाखवा, मी बसते खाली.”

दादूकाकांनी भिकाजीकडे बघितलं. भिकाजी पाकळ्यांकडे बघत राहिला.

तिने पदर डोक्यावरून घेतला आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही. तो मुळात चढणारा नव्हताच. मागच्यांना ऐकायचं असेल तर गप्प व्हावं लागलं.

“आई वाघजाई, तुझ्या पायाशी मथुरा उभी आहे. श्रावणात पहिली बाई माझ्यापुढे बसली, त्याच्या आदल्या दिवशी मी इथे नारळ ठेवला होता.”

प्रत्येक वाक्याला लोकांनी साथ द्यायची असते. कुणी दिली नाही.

“तेव्हा तुला शब्द दिला होता, की जी जे बोलेल ते माझ्यापाशीच राहील. तू ऐकलंस.”

 तेवढ्यात पायऱ्यांवरून एक कोरडा, बारीक आवाज आला. “होय महाराजा.”

मथुराने वळून पाहिलं नाही.

“तो शब्द आज मोडायला सांगतायत. मी मोडणार नाही. यात माझं चुकत असेल तर शिक्षा तू मला कर, त्या बायकांना नको. मला काही विचारायचं नाही, आई. मी फक्त सांगायला आले.”

“होय महाराजा,” परत तोच आवाज. या वेळी आणखी एकदोन अस्पष्ट आवाज त्याच्या आडोशाने आले.

तिने उंबऱ्याला डोकं टेकलं आणि बाजूला झाली. भिकाजीच्या बोटांवर पाकळ्या तशाच होत्या.

“लाव की रे!” दादूकाका म्हणाले.

“काय विचारून लावू?”

“मी सांगतो ना काय विचारायचं ते.”

“गाऱ्हाणं जो घालतो, त्यानेच प्रश्न करायचा. माझ्या बापापासून हेच चालत आलंय, दादू. तिचा प्रश्न नाय. प्रश्नाशिवाय कौल लावला तर देवी मला विचारील.” भिकाजीने पाकळ्या एकेक करून तबकात परत ठेवल्या आणि बोटं धोतराला पुसली.

दादूकाकांनी त्या तबकाकडे एकदा बघितलं. मग उपरणं खांद्यावर टाकून म्हणाले, “ठीक हाय. यापुढे वाडीतली एक बाय तुझ्यापुढे येऊन बसते काय, तेच बघतो.”

पायऱ्यांवरच्या बायका पांगल्या. त्यांच्याकडे बघून मथुराला कळलं, की हे खरं आहे. सोमवारपर्यंत कुणी येणार नव्हतं.

परतीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी भात पसवलं होतं. गोदा पुढे, मथुरा मागे. बांध संपला.

“सकाळी जाळलंस ते राहीचंच होतं ना?” गोदाने पुढे बघतच विचारलं. “काल फोनवर बोलत होतीस. भिंत काय सिमेंटची नाय.”

मथुराने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“बघ, मला पण नाय सांगत. बरं, राहीचं धर किंवा नको धरू. पण पानच नाय, एवढं सांगितलं असतंस तर सुटली असतीस की. मार्क पण गेले, आणि वर दादूशी वैर.”

“आज पान नाही म्हणून सांगितलं असतं, आई, तर उद्या ज्यांची पानं आहेत त्यांची मागायला आले असते.”

गोदा चालायची थांबली. वाटेवरचा एक चिखलाचा दगड पायाने बाजूला सारला आणि पुन्हा चालू लागली.

घरी आल्यावर तिने आधी तांब्याभर पाणी मागितलं. “‘होय महाराजा’ म्हणताना घसाच सुकला मेला,” ती म्हणाली आणि पाणी घटाघटा प्यायली. मग पदराने तोंड पुसत स्वयंपाकघरात गेली.

पान रोज मथुरा स्वतः वाढून घ्यायची. आज ते गोदाने वाढलं. भात, कुळथाचं पिठलं, कडेला लोणच्याची फोड. ही तिची जुनी सवय होती, की सून जेवायला बसली की समोर ठाण मांडायचं आणि दिवसभराचं सगळं बोलून घ्यायचं, कारण तेव्हा उलट उत्तर यायचं नाही. दूध नासलं, निलेश फोन करत नाही, शेजारणीने फणस न विचारता काढला. मथुरा पानावर बसली, तशी गोदा पुढचं दार लोटून आली. कडी घातली. कडी घालायची या घरात दिवसा कधीच रीत नव्हती.

“तो कागद दे. तुझ्या बायकांना सहीला देतेस तो.”

मथुराने तिच्याकडे पाहिलं. चित्राहुती घालायला हातात घेतलेलं पाणी तसंच राहिलं.

“वाचून नको दाखवू. पाच वेळा ऐकलाय मी पलीकडून. नाव येणार नाय, आकडा येईल. पाहिजे तेव्हा नाय म्हणता येईल. कारण विचारणार नाय. बरोबर?”

मथुराने पिशवीतून कागद आणि पेन काढून दिलं. गोदाने कागद पाटावर ठेवला आणि जीभ दातांत धरून सही केली. एकेक अक्षर स्वतंत्र, शेवटच्या अक्षरावरची रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

“आता जेव,” ती म्हणाली. “तू बोलणार नसशील तरच मला जमेल.”

मथुराने पानाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला.

“आकडा कितवा माझा?”

मथुराने डावा हात वर करून आधी पाच बोटं दाखवली, मग एक.

गोदाने मान हलवली. ओच्यात सकाळचं एक जास्वंदीचं फूल राहिलं होतं, ते काढून ती त्याच्या पाकळ्या उलगडत बसली.

“तुझा सासरा मुंबईला असायचा. दर शिमग्याला भिकाजीचा बाप माझ्या नावाने गाऱ्हाणं घालायचा. मुंबईच्या धन्याला सुखरूप घरी आण म्हणून. सगळा गाव होय महाराजा म्हणायचा. मी पण हात जोडून उभी असायची.” ती थांबली. “मी आत काय म्हणायची, ते सांगते तुला.”

आणि ती बोलू लागली.

बाहेर कुणीतरी कडी वाजवली, थोडा वेळ थांबलं, निघून गेलं. भात निवला. पिठल्यावर साय धरली. मथुरा एकेक शीत वेचावं तशी जेवत होती, आणि गोदा तिच्याकडे न बघता बोलत होती. शेवटी पानात एकच घास उरला. मथुराने तो बोटांनी गोळा करून पानाच्या कडेला सरकवला आणि हात तसाच ठेवून बसून राहिली. तो खाल्ला असता तर मौन सुटलं असतं.