चढाचा काठ

तलावाला काठ दोन आणि घरात माणसंही दोन. त्यामुळे बारा वर्षं सहल काही निघाली नाही.

तो बस डेपोत वेळापत्रकं करायचा. तीस वर्षं त्याने हजारो बस वेळेवर सोडल्या, स्वतः मात्र कुठे सुटला नाही. बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. बेत साधाच होता. सायकलींवर तंबू, स्टोव्ह, कपडे लादायचे, तीन दिवसांत तलावाचं दुसरं टोक गाठायचं आणि लाँचने परत यायचं. सपाट काठाने जावं की चढाच्या, एवढंच ठरायचं होतं.

त्याला सपाट हवा होता, तिला चढाचा. वर एक जागा आहे, तिथून अख्खा तलाव एका नजरेत दिसतो, असं एका गिऱ्हाइकाने माप देता देता तिला सांगितलं होतं.

तो भांडायचा नाही. तक्ता करायचा. सावली, पाणी, मुक्कामाची जागा, पंक्चरची दुकानं, दवाखाना, त्याचे गुडघे, सगळ्याला रकाने. सातव्या रकान्याचं नाव होतं ‘तिला झेपेल का’, आणि चढाच्या काठासमोर त्याने तिला न विचारताच तिथे शून्य टाकलं होतं. सपाट काठाला एकसष्ट गुण पडले, चढाच्याला एकोणतीस. पेपर त्यानेच काढला होता आणि तपासलाही त्यानेच, तेव्हा निकालात घोळ व्हायचं कारण नव्हतं.

मग ती आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात म्हणाली, “बरी झाले की चढाच्या काठाने जायचं.”

तो लगेच हो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तक्ता न करता हो म्हणाला, कारण दहा मिनिटांपूर्वीच डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून काय ते सांगितलं होतं. पाळावं लागणार नाही असं वचन द्यायला कितीसा त्रास होतो? त्रास पुढचे अकरा महिने झाला. जेवताना, दाढी करताना, रिकाम्या शिवणयंत्रासमोरून जाताना ते ‘हो’ त्याच्या आडवं यायचं.

अकराव्या महिन्यात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक. सगळे त्याला पाना म्हणायचे, कारण खिशात कायम पाना. त्याच्या लग्नाच्या फोटोतही खिशातून पाना डोकावतो.

“भाऊजी, भिंतींचं वेळापत्रक करत बसणार आहात का? चला, तलावाला जाऊन येऊ.”

“कोणत्या काठाने?”

“तुम्ही ठरवा. नाहीतरी तुम्हीच ठरवता.”

त्याने जुना तक्ता काढला. सातवा रकाना आता लागू नव्हता, म्हणून त्यावर रेघ मारून पुन्हा बेरीज केली. सपाट काठच जिंकला. वचनाचंही त्याने बसवून टाकलं. ‘बरी झाले की’ ही अट होती, अट पुरी झाली नाही, सबब फेरी रद्द. असले खुलासे डेपोत त्याने ढिगाने लिहिले होते आणि प्रवाशांना ते कधी पटले नव्हते.

तिने ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या होत्या, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या. त्याची जोडी रिकामी होती. तिची जोडी शिवणयंत्राखाली भरलेली, चेन लावलेली. तिने बांधून ठेवलेल्या पिशवीत हात घालायचा नाही, हा घरातला कायदा होता. एकदा त्याने तो मोडला होता, आणि एकाच्या कोटाच्या बाह्या दुसऱ्याच्या कोटाला लागल्या होत्या. त्याने पिशव्या न उघडता उचलल्या. खांदा कळवळला.

“सहलीला निघाली होती की बिऱ्हाड हलवायला?” तो पुटपुटला आणि त्या आपल्या सायकलच्या मागे अडकवल्या. स्वतःचं सामान पुढे बांधलं.

“त्यात काय आहे?” पानाने विचारलं.

“तिचं सामान.”

“पण आता...”

“राहू दे.”

पानाने त्याच्या मागच्या टायरची हवा दाबून पाहिली.

दीड तासाने ते फाट्यावर आले. डावीकडे सपाट काठ, उजवीकडे चढ. त्याने बस वळवावी तसा रुबाबात डावा हात बाहेर काढला, आणि मागच्या चाकातून टण्ण असा आवाज आला. लगेच आणखी एक.

पाना वाकून बघत म्हणाला, “दोन तारा तुटल्या. भाऊजी, एवढं ओझं बैलगाडीला लावतात. पिशव्या उघडाव्या लागतील, कायदा असो की नसो.”

त्याने चेन ओढली. आत विटा निघाल्या. प्रत्येक पिशवीत तीन. कापडाच्या चिंध्यांत नीट गुंडाळलेल्या, प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. तंबू. स्टोव्ह. पाणी. माझे कपडे. ह्यांचे कपडे. सहाव्या विटेवर लिहिलं होतं, ‘औषधं, सगळी ह्यांचीच.’

तो बघत राहिला. भारी कापडाला कात्री लावण्याआधी ती साध्या कापडाचा कच्चा नमुना शिवून बघायची. तिने सहलीचाही शिवला होता.

“तुला माहीत होतं?”

“विटा आत राहिल्यात हे नव्हतं माहीत.” पाना चाकाशीच बोलत होता. “तुमची पहिली पाळी असायची ना? तुम्ही डेपोत गेलात की ताई ह्या पिशव्या अडकवून सायकलवर निघायची. मला म्हणाली, सांगू नकोस, ते ह्याचाही तक्ता करतील.”

“कुठे जायची?”

पानाने पान्यानेच दाखवलं. उजवीकडे.

तो मैलाच्या दगडावर बसला. खिशातून तक्ता काढला. रेघ मारली होती तरी सातव्या रकान्यातलं शून्य स्वच्छ दिसत होतं. आकडे काढण्यात त्याचा हात पहिल्यापासून चांगला.

पानाने नव्या तारा बसवल्या, चाक फिरवून पाहिलं. हात ग्रीसने काळे झाले होते. दगडावर बसल्या बसल्या त्याने तक्ता पुढे केला.

“घे, पूस.”

“भाऊजी, खराब होईल.”

“बारा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडतोय. पूस.”

“मग डावीकडे ना?”

“उजवीकडे.”

“आणि गुडघे?”

“दोन्ही बरोबर आणलेत.”

चार विटा त्याने दगडाशेजारी रचून ठेवल्या. ‘माझे कपडे’ आणि ‘औषधं’ परत पिशव्यांत टाकल्या, एकीत एक.

पहिल्या वळणानंतर दोघं सायकली ढकलत होते. दुसऱ्या वळणावर सायकल मागे येऊ लागली, तेव्हा त्याने ‘औषधं’ चाकामागे लावली आणि दम खाल्ला. तिसऱ्या वळणावर पाना थांबला.

“ताई इथपर्यंत यायची. सगळं ओझं घेऊन, न उतरता.”

“इथून पुढे नाही झेपलं?”

“झेपलं असतं. पण इथूनच परत फिरायची. वरचं तुमच्याबरोबर बघायचं म्हणाली होती.”

त्याने ‘औषधं’ पुन्हा चाकामागे लावली आणि ती धरून वाकून राहिला. वेळापत्रकात हा थांबा नव्हता. मग त्याने वीट काढली, पिशवीत ठेवली, चेन लावली.

“किती वेळ लागेल वर पोचायला?” पानाने विचारलं.

“मला काय विचारतोस?” तो म्हणाला आणि ढकलू लागला.