सात जूनचं पान

जनरल ट्रेशम युद्धात रोज संध्याकाळी डायरी लिहीत. हजारो माणसं कामी आली, पण साहेबांचा हा नेम काही चुकला नाही. युद्धानंतर पत्नीने ती टाइप केली, आणि आमच्या यॉर्कशरमधल्या गावाने त्या कागदांना धर्मग्रंथाचा मान दिला.

त्यातलं एक वाक्य आता चौकातल्या फलकावर कोरायचं ठरलं: ‘गावची पलटण उशिरा निघाली, म्हणून हल्ला फसला.’

नोराचे पणजोबा त्या पलटणीत होते. शाळेतून मी निवृत्त झालो, तरी मुलं शंका घेऊन माझ्याकडेच येतात. माझी जुनी विद्यार्थिनी नोराही टाइप केलेलं ते पान घेऊन रडवेली होऊन आली.

“सर, पणजोबा भित्रे होते का हो?”

“आधी हे पान कधी लिहिलं, ते शोध.”

“वर तारीख आहे की! सात जून.”

“तारीख काय, गृहपाठावर तूही कालची टाकायचीस. पुढे वाच.”

“‘कर्शॉ टेकडीवर पलटण वेळेत...’” ती थांबली. घरी धावली आणि पणजोबांचं पत्र घेऊन आली. अठ्ठावीस जूनचं. ‘कॅप्टन कर्शॉ सात तारखेला जिथे पडले, त्या टेकडीला आज आम्ही त्यांचं नाव दिलं. पाटी मीच ठोकली.’

“म्हणजे साहेबांना नाव तीन आठवडे आधीच कळलं?”

“मोठ्या माणसांना पुढचं दिसतं, बाळ. समोरच्या मशीनगन तेवढ्या दिसत नाहीत.”

नोराने ते पत्र फलक समितीपुढे ठेवलं, तशा अध्यक्षा पॉमफ्रेटबाई तिच्यावर कडाडल्या, “पोरी, जनरलसाहेब खोटं लिहितील?”

“खोटं कुठे म्हणते, बाई? उशिरा लिहिलं म्हणते. उशीर पलटणीला झाला की डायरीला, तेवढं बघा. हाताने लिहिलेली वही कुठंय?”

वही साहेबांच्या नातवाकडे होती. समितीत तेही होते. इतकी वर्षं कुणी मागितलीच नव्हती, म्हणाले. अक्षर फार वाईट ना!

सात जूनचं पान उघडलं. ‘सर्व पलटणी वेळेवर निघाल्या. आमच्या तोफांनी शत्रूच्या काटेरी तारा तुटल्या नव्हत्या. जेवणात ट्राउट मासा उत्तम.’ टेकडीला नावच नव्हतं.

डायरी माणूस स्वतःसाठी लिहितो; टाइप लोकांसाठी करतात. मी एवढंच म्हणालो.

शेवटी फलकावर वहीतला साहेबांचाच मूळ मजकूर कोरायचा ठरला. तारा गाळायला नोराने ठाम नकार दिला. ट्राउट मात्र बाईंनी गाळला.

“राहू दे,” नोरा मला हळूच म्हणाली, “साहेब वेळेवर जेवले, यावर कुणाचाच वाद नाही.”