मशीनचे बांधलेले दात

तांडा सकाळपासून कडूनिंबाखाली उभा होता. ऐन वेचणीच्या दिवसांत कापूस सोडून सगळे एका जागी जमतात, तेव्हा काहीतरी मोठं घडत असतं. लखनच्या हातातली पेट्रोलवरची चेनसॉ कानठळ्या बसतील अशी ओरडत होती, पण तिची चेन जागची हलत नव्हती. त्यानं पातं खोडाला लावलं, तर सालीचा एक कपचाही निघाला नाही.

"याडीनं दात बांधले," डोमाजी भगत म्हणाला. "मशीन बोंबलून राह्यली, पण चावाची हिंमत नाही तिची. झाड कापाले निघाले होते न? कापा आता."

तांड्यात आईलाही याडी म्हणतात आणि देवीलाही. बायांनी पदर सावरून हात जोडले.

झाड अर्धं वाळलेलं होतं, बुंध्याला वाळवी लागली होती. मागच्या आठवड्यात त्याची फांदी अंगणवाडीच्या पत्र्यावर पडली. पोरं तेव्हा खिचडी खायला बाहेर बसली होती म्हणून वाचली. मग तांड्याचे प्रमुख देवसिंग नायक यांनी झाड तोडायचं ठरवलं. पण त्याच झाडाखाली डोमाजीनं तीन वर्षांमागे शेंदरी दगड मांडला होता, आणि तिथल्या नारळ-दक्षिणेवर त्याचं बरं चाललं होतं.

इकडे काम सुरू करताना अवजाराला कुंकू लावतात, मग तो वखर असो की ट्रॅक्टर. आज ते काम डोमाजीनं आग्रहानं स्वतःकडे घेतलं. मशीन लाल फडक्याखाली धरून बराच वेळ पुटपुटला आणि वर बजावलं, "आता हिच्या मुठीले बाईमाणसानं हात लावाचा नाही."

लखनच्या बायकोला, उज्ज्वलाला ते तेव्हाच खटकलं. मशीन चालवायचा लखन, पण तिची निगा राखायची उज्ज्वला. एअर फिल्टरचा भुसा झटकणं, गोल कानशीनं चेनचे दात घासणं, चेनचा ताण पाहणं, पेट्रोलमध्ये मापानं ऑइल मिसळणं, सगळं तिच्याकडे. म्हशीपेक्षा मशीनचेच लाड जास्त, असं लखन तिला चिडवायचा.

गर्दीच्या मागून पाहताना तिला वास आला. पेट्रोलचा नव्हता, तापून जळणाऱ्या लोखंडाचा होता.

"धूर पाहा," डोमाजी म्हणाला. "याडीचा ऊद जळून राह्यला." त्यानं आपला तळहात थांबलेल्या चेनवर अलगद टेकवला, उचलला आणि सगळ्यांना दाखवला. साधा ओरखडाही नव्हता. "ज्याचा हात दुखते त्यानं इथं ठेवा. मशीन दुखणं ओढून घेईन."

सगळ्यांत आधी पुढे झाली नंदाबाई, उज्ज्वलाची सासू. जन्मभर कशिदा काढलेली तिची बोटं आता वाकडी झाली होती. दोन वर्षं तिला कापसाचं बोंडही धरता येत नव्हतं.

"लखन, पुरी रेस दे," डोमाजी म्हणाला. "जेवढा आवाज तेवढा गुण."

लखननं रेसचा खटका दाबला. नंदाबाईचा हात चेनपासून वीतभर अंतरावर आला.

तेवढ्यात उज्ज्वलाची नजर पुढच्या मुठीवर गेली. मुठीसमोरची काळी आडवी दांडी पुढे ढकललेली होती आणि तिच्यावर कुंकवाचा अंगठा उमटला होता. ती दांडी म्हणजे ब्रेक. पुढे ढकलली की आतली पोलादी पट्टी चेनच्या चाकाला आवळून धरते, मग इंजिन कितीही ओरडो, चेन फिरत नाही. आठ दिवसांपूर्वी झाकण उघडून भुसा काढताना तिनं पाहिलं होतं, ती पट्टी एका जागी पार झिजली होती. जळका वास तिथूनच येत होता; पट्टी तुटली की चेन सुटणार होती. लखनला ती दांडी हाताला फांदी लागू नये म्हणून लावलेली आड वाटायची. तिनं पट्टीचं सांगितलं तेव्हा, बोरी अरबच्या बाजाराला गेलो की पाहू, एवढंच तो म्हणाला होता.

ती गर्दीतून घुसली. एका हातानं सासूचं मनगट मागे ओढलं आणि दुसऱ्या हातानं मशीनच्या मुठीवरचं बटण बंद केलं.

"बाटवली मशीन," डोमाजी म्हणाला. "याडी कोपली तर कोण निस्तरन?"

"काहून आली मधात?" लखनही डाफरला.

उज्ज्वला नायकांकडे वळली. "नायककाका, मशीन हाये तशीच राहू द्या. पुरी रेस द्या. फक्त सासूबाईच्या हाताच्या जागी पऱ्हाटी ठेवा. याडीनं दात बांधले असतीन, तर पऱ्हाटीले काही होणार नाही."

"देवीची परीक्षा पाहून राह्यली तू?"

"देवीची नाही महाराज, तुमची."

देवसिंग नायक म्हणाले, "ठेवा पऱ्हाटी."

मशीन ओंडक्याला दोरांनी करकचून बांधली. उज्ज्वलानं लोकांना वीस पावलं मागे हटवलं आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची जुडी लांब बांबूनं चेनला टेकवली. लखननं मशीन सुरू करून रेस दिली. चेन हलली नाही. डोमाजीचे ओठ जोरजोरात हलू लागले. धूर दाट झाला. कुणीतरी "जय याडी" म्हणालं, आणि उज्ज्वलाला वाटलं, पट्टी आज टिकली तर आपलं काही खरं नाही.

आत कट् असा आवाज झाला. जुडीचा पार भुगा झाला आणि काड्यांचे तुकडे निंबाच्या फांद्यांपर्यंत उडाले. लखननं मशीन बंद केली. नंदाबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

मशीन निवल्यावर उज्ज्वलानं झाकण खोललं आणि पट्टीचे दोन तुकडे नायकांच्या हातावर ठेवले. दांडी मागेपुढे करून तिनं सगळ्यांना ब्रेक दाखवला. "महाराजांनी फडक्याखाली हे ढकललं. अंगठा अजून इथंच हाये."

"डोमाजी, तू वणीले लाकडं कापाच्या आरामशीनवर होता न?" नायकांनी विचारलं.

"पट्टी झिजली हे मले काय मालूम?" डोमाजी बोलून गेला.

म्हणजे ती दांडी त्यानं जाणूनबुजून ढकलली होती. विचारायचं उरलंच नव्हतं. पण दोनचार जण आता भलत्याच जोशात आले. झाड आजच पाडू म्हणाले.

"पट्टी नाही तर मशीन नाही," उज्ज्वला म्हणाली. "तवरिक झाडाखाली कोणी जाऊ नका. अंगणवाडी नायककाकांच्या ओसरीत भरवा."

चार दिवसांनी लखननं नवी पट्टी आणून बसवली, आधी ब्रेक तपासला, आणि मगच झाड पाडलं. नंदाबाई दारव्ह्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेते. बोटं वाकडीच आहेत, पण दुखणं कमी झालंय आणि दहाही बोटं जागेवर आहेत. देव मानायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण कुणी चमत्कार दाखवतो म्हणाला, तर आधी त्याचं फडकं उचलून पाहा. आणि तो हात मागू लागला, तर आपल्या हाताच्या जागी आधी पऱ्हाटी ठेवून पाहा.