केशरबाईंचा राहून गेलेला फोटो

मी एक जुना स्टँड आहे, कॅमेऱ्याचा. तीन पाय, वर हाताएवढी बैठक आणि कॅमेरा घट्ट बसवायला एक स्क्रू, एवढेच माझे शरीर. मित्रांनो, फोटो चांगला आला की लोक कॅमेऱ्याचे कौतुक करतात. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. माझे काम एकच, हलायचे नाही. पण ज्या मुलीसाठी मी सर्वांत जास्त वेळ न हलता उभा राहिलो, तिचे नाव तुम्हाला माहीत नाही. म्हणून मी बोलतो आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. टेंभुर्णीच्या भुजंगकाकांनी मला आपल्या फोटो स्टुडिओसाठी आणले. पुढची बारा-तेरा वर्षे माझा रुबाब होता. साखरपुडे, बारशी, शाळेचे निरोप समारंभ, सगळी माणसे माझ्यासमोर ताठ बसायची. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. भुजंगकाकांनी स्टुडिओत झेरॉक्सचे मशीन बसवले, ऑनलाइन फॉर्म भरायला सुरुवात केली आणि मला कोपऱ्यात उभे केले. माझा एक पाय निसटायला लागला होता. तो कोणी दुरुस्त केला नाही.

तिथे एक दिवस साक्षी आली. बी.ए. झालेली, साहेबराव मिस्त्रींची मुलगी. आली होती नोकरीचा फॉर्म भरायला, पण तिची नजर कॅमेऱ्यावरून हटेना. मग ती रोज येऊ लागली. फॉर्म भरून द्यायची आणि त्याच्या बदल्यात कॅमेरा शिकायची. वर्षभराने काका म्हणाले, "कॅमेरा अन् स्टँड घेऊन जाय पोरी. इथं नुसते सडून राह्यलेत. तुझ्या हाताला नजर हाये."

साक्षीने माझ्या सैल पायाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. इतक्या वर्षांत माझी एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

लग्नसराई आली. ती मला खांद्यावर टाकून जाफराबादला गेली, भोकरदनला गेली. शूटिंगची कामे घेणारे सगळे तिला एकच सांगायचे. "ताई, मंडपावर चढावं लागतं. वरातीत पोरं नाचतात. पोरीचं काम न्हाई ते."

काम मिळत नव्हते, तेव्हा तिने आपणच काम काढले. गावातल्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो काढायचे तिने ठरवले. पहिली होती साळूबाई, ऐंशी ओलांडलेली. तिचा जन्मात एकच फोटो निघाला होता, आधार कार्डावरचा, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले होते.

"माझा काहून काढती गं? नातसुनेचा काढ," साळूबाई म्हणाली.

"आजी, तुम्ही शेंगा फोडा. माझ्याकडं बघूच नका."

साळूबाई शेंगा फोडू लागली. एक दाणा टुणकन उडून कोंबडीच्या डोक्यावर पडला आणि म्हातारी खळखळून हसली. मी श्वास रोखून धरला होता. त्या क्षणी साक्षीने बटण दाबले. तसा फोटो मी भुजंगकाकांच्या काळातही पाहिला नव्हता.

चार महिन्यांत तिने अकरा जणींचे फोटो काढले. शहरातल्या एका प्रदर्शनासाठी ते पाठवले आणि रोज उत्तराची वाट बघितली. उत्तर आले नाही.

त्या हिवाळ्यात साळूबाई गेली. तिचा मुलगा धर्मराज डोळे पुसत दारात आला. "साक्षी, मायचा तू काढलेला फोटो दे. दुसरा कुठं हाये आमच्याकडं?"

तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर भला मोठा बॅनर लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. मधोमध साळूबाई हसत होती. साक्षी मला पाठीवर घेऊन तो बघायला गेली. बॅनरवर शोकाकुल नातेवाइकांची नावे होती, छापणाऱ्याचा फोन नंबर होता. फोटो काढणारीचे नाव नव्हते. तरी तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटला, आपला फोटो पहिल्यांदा इतका मोठा झाला म्हणून. दुसऱ्याच क्षणी आपण कशाने आनंदलो हे तिच्या लक्षात आले आणि तिने मान खाली घातली.

पुढे दोन महिन्यांत कांताबाई गेली. मग भागवत मास्तरांची आई गेली. तिघीही पिकली पाने होत्या. पण बॅनरवर तिघींचे फोटो साक्षीचे होते आणि गावाला तेवढे पुरले. पाणवठ्यावर कुणीतरी म्हणाले, "हिनं फोटो काढला की बाई वर्ष काढत न्हाई." उरलेल्या आठ जणी खडखडीत होत्या. त्यांची मोजदाद कुणी केली नाही.

त्यानंतर आम्ही गल्लीत दिसलो की म्हाताऱ्या तोंडावर पदर ओढू लागल्या. संध्या नावाच्या मैत्रिणीने साक्षीला डोहाळेजेवणाचे फोटो काढायला बोलावले होते. ते तिचे पहिले ठरलेले काम. आदल्या दिवशी संध्याच्या सासूबाई स्वतः आल्या. "राग नको धरू माय. पोटुशी बाई हाये, जिवाला घोर नको." साक्षी मान हलवत राहिली. त्या गेल्यावर तिने माझे पाय एकेक करून मिटवले.

साहेबराव भडकले. "आपण असलं मानतो का? बाबासाहेबांनी काय शिकवलं आपल्याला?"

"आपण न्हाई मानत, बाबा," साक्षी म्हणाली. "पण काम त्यांच्याकडूनच येतं."

शेवटचा प्रयत्न म्हणून ती जालन्याला एका मोठ्या स्टुडिओत गेली. नोकरी मिळाली तर गावाची गरजच उरणार नव्हती. मालकाने तिचे फोटो भराभर उलटले. "या म्हाताऱ्या कोण बघणार? नवरा-नवरी कुठं हायेत?" मग साळूबाईच्या फोटोवर त्याचा हात थांबला. साक्षीचा चेहरा उजळला.

"हा तर आमच्याच मशीनवर छापला होता. बॅनरचा फोटो उचलला का तू?"

"सर, मीच काढलाय. मूळ फाइल हाये माझ्याकडं."

"सगळेच तसं म्हणतात," तो म्हणाला आणि त्याने फोन कानाला लावला. ती फाइल दाखवायला कॅमेरा हातात धरून उभी राहिली. फोन संपला तरी त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिले नाही. आम्ही एसटीने परत आलो. 

दोन-चार दिवस साक्षी जेवलीसुद्धा नाही. एका सकाळी केशरबाईंनी, तिच्या आईने, निळे लुगडे नेसले, केस विंचरले, अंगणात खुर्ची मांडली आणि मला तिच्यासमोर आणून उभे केले. "ऊठ. साऱ्या गावाचे काढले, माझा न्हाई काढला. काढ आता. मी काय मरत न्हाई."

साक्षी हसली. फार दिवसांनी हसली. तिने कॅमेरा माझ्यावर बसवला, डोळा लावला. केशरबाई ऐटीत बसल्या होत्या. मी सगळा जीव एकवटून स्थिर उभा राहिलो. बोट बटणावर आले आणि तिथेच थांबले. तिच्या दुसऱ्या हाताने माझा पाय घट्ट आवळला, म्हणून त्या हातातली भीती फक्त मला कळली. जी मुलगी असले काही मानत नव्हती, तिचा हात.

"उजेड बराबर न्हाई, आई. उद्या काढू."

केशरबाई उठल्या. त्यांनी खुर्ची उचलून आत नेली.

त्याला दीड वर्ष झाले. साक्षी आता जालन्यात एका बियाणे कंपनीत पाकिटांवर चिकटपट्ट्या लावते आणि तीन मुलींबरोबर खोलीत राहते. महिन्यातून एकदा घरी येते. कॅमेरा पेटीत आहे, त्याच्या भिंगाला बुरशी आली आहे. माझ्यावर केशरबाई लसणाच्या जुड्या टांगतात. साक्षी त्या बघते आणि आत जाते.

मित्रांनो, माझे पाय गंजले त्याचे दुःख नाही. स्टँड गंजतोच. पण कुणाच्या हातात नजर असली, तर त्या हाताला भीती शिकवू नका. तुमच्या घरातल्या भिंतीवर एखादा चांगला फोटो असेल, तर तो कुणी काढला एवढे तरी विचारा, आणि ते माणूस अजून फोटो काढते आहे का, तेही.

केशरबाई रोज सकाळी दारात बसून तांदूळ निवडतात. ऊन तिरपे त्यांच्या गालावर पडते. फोटोसाठी तो उजेड अगदी बराबर असतो.