उशिराचं कारण

मतदारयाद्या भिंतीवर लागल्या की गावच्या नोंदी सांभाळणाऱ्या मुख्तार खिद्रला भाव यायचा. अक्कार भागातल्या त्या गावात कुणाचं नाव गळलं, कुणाचा मेलेला आजा अजून यादीत बसलाय, सगळे त्याच्याच टेबलाशी यायचे. त्याच्या शिक्क्याशिवाय अर्ज तालुक्याला जात नसे. आज हरकतींचा शेवटचा दिवस होता आणि रांग दाराबाहेर गेली होती.

रांगेत त्याची मुलगी नजवाही उभी होती. तिला पाहून त्याने मान खाली घातली आणि पुढचा अर्ज ओढला.

लग्न झालं की बाईचं नाव नवऱ्याच्या गावच्या नोंदीत जातं, तलाक झाला की बापाच्या नोंदीत परत येतं. नजवाचा तलाक होऊन आठ महिने झाले होते. न्यायालयाचा कागद तिने बापाच्या हातात विश्वासाने दिला होता. त्याने तो खणात कोंबला आणि गावभर सांगितलं, जावई कुवेतला गेलाय, म्हणून पोरगी माहेरी आलीय. दुनियेचे कागद मार्गी लावणारा माणूस, पण स्वतःच्या घरचा कागद बाहेर काढायची त्याची छाती झाली नाही.

"काय गं नजवा," पुढे उभी असलेली शेजारीण उम्म रियाद म्हणाली, "जावई कुवेतहून खजूर तरी पाठवतो का?"

"त्याने मला सोडलंय, मावशी. तो कुवेतला गेलेलाच नाही."

उम्म रियाद बाजूला सरली. नजवा टेबलापाशी आली. "मुख्तारसाहेब, बायकांच्या यादीत माझं नाव नाही."

खिद्रने आवाज खाली आणला. "आत चल. घरी बोलू आपण."

"घरी आठ महिने तुम्ही हा विषय काढू दिला नाहीत, बाबा. नाव आलं नाही तर मतदानाला मला त्यांच्या गावी जावं लागेल. मतदान केंद्राच्या दारातच सासू बसलेली असेल. मी नाही जाणार."

त्याने खण उघडला. कागद वरच होता. तो काढताना सगळ्यांनी पाहिलं. शरमेने त्याचे कान तापले. मुलीच्या तलाकाची नव्हे, आता स्वतःचीच लाज वाटत होती.

तो अर्ज भरू लागला. बापाचं नाव, आईचं नाव, नोंद क्रमांक. मग सवयीने त्याने मोठ्याने विचारलं, "उशिराचं कारण?"

इतरांच्या अर्जावर तो बेलाशक 'टपालात गहाळ' असं ठोकून द्यायचा.

"ते तुम्हीच लिहा," नजवा म्हणाली.

त्याने लिहिलं, 'बापाला लाज वाटत होती', आणि खाली स्वतःचा शिक्का मारला.

नजवाने ते उभ्याउभ्याच वाचलं. "तालुक्याची बस किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"अकराला," तो म्हणाला. मी येऊ का, हे विचारायला मात्र त्याचं तोंड उघडलं नाही.